घरं लावून देण्याचा व्यवसाय

माझ्याकडे इंटिरिअर डिझाइनची पदवी नाही, डिप्लोमाही नाही. मी बी.कॉम. आहे आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळद कमिशनवर विकून देणाऱ्या एका अडत पेढीवर बरीच वर्षं हिशेब लिहीत होते. आज मी लोकांची घरं लावून देते आणि त्यावर माझं घर चालतं. 'मलाही आवड आहे, पण कोर्स केलेला नाही, जमेल का?' असं विचारणाऱ्या मुली आणि बायका मला सतत भेटतात. रस्त्यात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर त्यांना पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं. 'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या कायद्यानं राखीव आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय ती नावापुढे लावता येत नाही. घरसजावटीला असा परवाना लागत नाही, त्यामुळे पदवी नाही म्हणून कोणी तुम्हाला अडवू शकत नाही. पण कायदा अडवत नाही म्हणून सगळ्यालाच हात घालायचा नसतो. आमच्या सांगलीच्या गावभाग, खणभाग या भागांतल्या जुन्या घरांत भिंतीच छताचा भार उचलतात. 'ही मधली भिंत काढून हॉल मोठा करू' असं कोणी म्हटलं की मी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवते. त्याचा लेखी अभिप्राय आल्याशिवाय त्या भिंतीवर खडूची रेघही ओढत नाही. ज्याचं शिक्षण आपण घेतलेलं नाही त्याची जबाबदारी शिकलेल्या माणसानंच घ्यावी, या बाबतीत मी गिऱ्हाईक सोडायलाही तयार असते.

या सगळ्याची सुरुवात २०१९ च्या महापुरातून झाली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात; त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. गावभागातल्या माझ्या आत्याच्या घराचा खालचा मजला पूर्ण बुडाला. पाणी उतरल्यावर गाळ काढायला आम्ही सगळी भावंडं गेलो. बाकीचे फावडी मारत होते तेव्हा आत्यानं माझ्या हातात वही दिली, कारण पंचनाम्यासाठी नुकसानीची यादी करायची होती. ती लिहिताना मला काही गोष्टी दिसायला लागल्या. पार्टिकल बोर्डाचं नवं कपाट फुगून त्याचा भुसा झाला होता. साध्या प्लायच्या टीव्ही युनिटचे पदर सुटले होते. आजोबांच्या काळचा सागवानी पलंग मात्र धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा उभा राहिला. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे होते, ते नुसते घासून घेतले. ट्रॉल्यांची शटरं तेवढी टाकावी लागली. मी यादीत एक जास्तीचा रकाना आखला: 'का टिकलं'. पंचनाम्याला त्याचा उपयोग नव्हता, पण माझं शिक्षण तिथून सुरू झालं.

घर पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा आत्या म्हणाली, "तूच बघ बाई, माझं डोकं चालत नाही." सगळ्यात आधी मी रंग थांबवला. आसपासचे लोक दिवाळीच्या आत रंग उरकून घेत होते. पण दिवसचे दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या विटांच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला महिने लागतात. त्यावर घाईनं लांबी (पुट्टी) भरून प्लास्टिक इमल्शन चढवलं की ओल आत कोंडते, पांढरे क्षार फुटतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. आम्ही त्या दिवाळीला नुसता चुना मारला, दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या आणि रंग संक्रांत झाल्यावर दिला. माझा आत्येभाऊ यावरून माझ्याशी काही दिवस बोलत नव्हता. सणाला घर असं ठेवायचं हे त्याला पटलंच नाही, आणि त्याचं वाईट वाटणं मला समजत होतं.

वायरिंग करणाऱ्याबरोबर बसून खालच्या आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगळं केलं, दोन्हीला वेगळे एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच) दिले आणि मुख्य बोर्ड वर नेला. पाणी अंगणात आलं की खालचं बंद करायचं आणि वरचं चालू ठेवायचं, निदान महावितरण लाइन तोडेपर्यंत. फर्निचर करायच्या आधी मी जिना मोजला. जिन्याच्या वळणावरून जे वर जाणार नाही ते खाली करायचंच नाही, असं ठरवलं. म्हणून कपाट दोन भागांत केलं, वरचा भाग खालच्यावर बोल्टनं बसवला. पलंगही पान्यानं बोल्ट काढून सुटणारा घेतला. भिंतीत कायमचं बसवलेलं जे काही होतं ते कडप्प्याचं आणि फरशीचं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आत्याच्या घरच्यांनी एका संध्याकाळीत खालचं सगळं वर नेलं. पाणी ओसरल्यावर भिंती धुतल्या, कप्पे धुतले, आणि कपाट पुन्हा खाली आलं. त्यानंतर त्याच बोळातल्या एका काकूंनी मला बोलावलं, मग त्यांच्या विहिणीनं सांगलीच्याच विश्रामबाग भागात बोलावलं. विश्रामबागेत पुराचा प्रश्न नव्हता; तिथं नुसतं घर सुंदर हवं होतं. त्या वेळी मला खरी भीती वाटली. गाळातून शिकलेलं माझ्याकडे होतं, पण रंगसंगती, प्रकाश, पडदे, ड्रॉइंग यांतलं मला नीटसं काही येत नव्हतं. म्हणून पेढीवरची नोकरी चालू ठेवली आणि दुपारनंतरचा वेळ शिकण्यात घातला.

शिकले ती कारागिरांकडून. एका प्लायच्या दुकानात मी कितीतरी दुपारी नुसती उभी राहिले. साधा कमर्शियल म्हणजे एमआर (दमटपणा सोसणारा) आणि त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) हे दोन्ही आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात, आणि मरीन प्लाय आयएस ७१० मध्ये, हे तिथं कळलं. शीटवर मोठ्या अक्षरांत '७१०' छापलेलं असणं पुरेसं नाही. आयएसआय चिन्हाबरोबर परवान्याचा सीएम/एल क्रमांक लागतो, आणि तो बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो. शीट उभी करून चारही कडा बघायच्या, मध्ये पोकळ्या दिसल्या तर परत करायची. आणि मरीन प्लाय ही मोरीच्या, सिंकच्या शिंतोड्यांसाठी आहे. आठवडाभर पुरात बुडवून ठेवायची ती वस्तू नव्हे. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावं लागतं.

माप घ्यायला मला एका वयस्कर मिस्त्रींनी शिकवलं. ते म्हणायचे, "ताई, भिंत गुण्यात आहे असं कधी धरायचं नाही." जुन्या घराचा कोपरा काटकोनात नसतोच, नव्या फ्लॅटचाही क्वचितच असतो. दोन भिंतींमध्ये कपाट बसवायचं तर रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्यायची आणि सर्वांत कमी निघेल ती धरायची. ओळंबा सोडून भिंत किती कललीय ते बघायचं. कपाटाची आतली खोली २२ इंचांच्या खाली गेली तर हँगरवरचे शर्ट दाराला घासतात. पलंगाच्या बाजूला दोन फूट तरी मोकळे हवेत, नाहीतर चादर घालणारी बाई रोज वैतागते. ही मापं पुस्तकांतही असतात, पण मिस्त्रींनी मला प्रत्येक मापामागचं माणूस दाखवलं. त्यामुळे ती पाठ करावी लागली नाहीत.

ड्रॉइंग मी आलेख कागदावर करते, अजूनही. मुलाकडून संगणकावरचं एक सॉफ्टवेअर शिकले आहे. पण माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना कागदावरचा नकाशा कळत नाही आणि ते तसं बोलूनही दाखवत नाहीत. नुसतं 'छान आहे' म्हणतात. म्हणून मी खोली रिकामी करून फरशीवर खडूनं पलंग, कपाट, टेबल खऱ्या मापात आखते आणि घरच्यांना त्यात चालायला लावते. आजोबांना रात्री मोरीकडे जायला वाट कुठून आहे, कपाटाचं दार उघडल्यावर ते पलंगाला लागतं का, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. या खडूच्या रेघांवर जेवढे निर्णय बदलले तेवढे कुठल्याच थ्रीडी चित्रावर बदललेले मी पाहिले नाहीत.

रंगाचंही तसंच. दुकानातल्या शेडकार्डवर बोट ठेवून रंग ठरवू देत नाही. दोन बाय दोन फुटांचा तुकडा त्याच भिंतीवर मारून घेते, सकाळी आणि दिवे लावल्यावर बघायला सांगते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात फिका हिरवा रंग थंड आणि करडा दिसतो, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात तोच उबदार वाटतो. आधी दिवा ठरवायचा आणि मग रंग, हे मी पेंटर मामांशी वाद घालून पटवलं. उलट त्यांनी मला लांबी वाळायच्या आत दुसरा हात मारणाऱ्यांना कसं ओळखायचं ते शिकवलं.

पडद्यांचा हिशेब मला सगळ्यात लवकर आला, कारण तो हिशेबच आहे. पाच फूट रुंद खिडकी, चुण्यांसाठी दुप्पट कापड म्हणजे दहा फूट, कापडाचा पन्हा म्हणजे रुंदी ४८ इंच, म्हणून तीन पट्टे. उंची सात फूट, वर-खाली दुमडायला एक फूट, म्हणजे प्रत्येक पट्टा आठ फुटांचा. एकूण २४ फूट, साधारण साडेसात मीटर. मोठी नक्षी असेल तर ती जुळवायला जास्त धरावं लागतं. हे गणित मी गिऱ्हाइकाला लिहून देते, म्हणजे कापड पेठेत गेल्यावर त्यांना कोणी दहा मीटर घ्यायला लावत नाही.

स्वयंपाकघराबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. तयार ट्रॉल्यांचे कारखानदार ओट्याची उंची सरसकट ३३-३४ इंच धरतात. गॅसवर उभं राहून भाजी करायला ती ठीक. पण आमच्याकडे रोज शाळवाची (ज्वारीची) भाकरी होते. परातीत पीठ मळायला आणि भाकरी थापायला वरून जोर द्यावा लागतो, तिथं ही उंची खांदे भरून आणते. मी घरातल्या बाईला कोपरात हात वाकवून उभं करते, कोपराची उंची घेते आणि त्याच्या चार इंच खाली ओटा धरते. भाकरीचा भाग त्याहूनही खाली, वेगळ्या पातळीवर करते. सासू आणि सून दोघी करणाऱ्या असतील तर दोघींचं माप घेते. एका घरी सासूबाई म्हणाल्या, "एवढी वर्षं स्वयंपाक केला, पण माझं माप कुणी घेतलं नव्हतं." त्यांना भाकरीसाठी ठेंगणा ओटा हवा होता आणि मुलाला सगळा ओटा एका पातळीत हवा होता, कारण तो दिसायला बरा. मी सासूबाईंच्या बाजूनं उभी राहिले आणि ठेंगणा ओटाच झाला.

आता पैशाचं, कारण नव्या बायका इथंच अडतात. सल्ल्याचे पैसे द्यायची आपल्याकडे सवय नाही. म्हणून या व्यवसायात वेगळी वाट रूढ झाली आहे. गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचं नाही किंवा नावाला थोडं घ्यायचं, आणि प्लायवाला, सनमायकावाला, पडदेवाला, दिवेवाला यांच्याकडून बिलावर टक्के घ्यायचे. जो जास्त टक्के देईल त्याचा माल घरात जातो. गिऱ्हाइकाला वाटतं सल्ला फुकट मिळाला. तो बिलात आधीच धरलेला असतो. मी पेढीवर अडतीचेच हिशेब लिहिले आहेत, मध्यस्थानं मोबदला घेणं मला चुकीचं वाटत नाही. पण अडत पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहिलेली असते, माल आणणारा ती वाचू शकतो. इथं ती लपवलेली असते आणि मला ते चालत नव्हतं.

मी ठरवलं की सगळा माल गिऱ्हाइकाच्या नावानं, त्याच्याच पैशानं येईल, बिलं त्याच्याकडे जातील, आणि दुकानदाराकडून मी काही घेणार नाही. सूट मिळाली तर ती बिलात दिसेल. माझी फी वेगळी. पहिल्या भेटीचे ५०० रुपये. मग मापं, आलेख, रंग, मालाची यादी आणि कारागिरांचं एस्टिमेट यांची खोलीप्रमाणे फी. देखरेख हवी असेल तर तिची आणखी वेगळी. काहींना ती लागत नाही, घरात कोणी निवृत्त माणूस असतो तो उभा राहतो. पहिलं वर्ष कठीण गेलं. एका दुकानदारानं माझ्याकडे गिऱ्हाइकं पाठवणं बंद केलं, दुसऱ्यानं 'या बाई कोर्स केलेल्या नाहीत' असं सांगायला सुरुवात केली. ५०० रुपये ऐकून फोन ठेवणारेही खूप होते. पण ज्यांनी दिले त्यांनी माझं बोलणं लक्ष देऊन ऐकलं, वही घेऊन बसले. फुकट गेले होते तिथं चहा मिळाला, कामं नाही मिळाली.

या पद्धतीचा सरकारी कागदांतही फायदा झाला. सेवेच्या व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. माल माझ्या नावावर फिरत नाही, माझी उलाढाल म्हणजे फक्त माझी फी, त्यामुळे मी त्या मर्यादेच्या खूप आत आहे. उद्यम नोंदणी केली, ती आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. नोंदणीचे पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नसतात, त्यांच्याकडे जाऊ नका. बँकेत व्यवसायाचं खातं वेगळं काढलं. भांडवल फारसं लागलं नाही: टेप, लेझरचं मापयंत्र, ओळंबा, आलेख वह्या आणि मेलेली स्कूटी पुन्हा चालू करायचा खर्च.

सुतारकाम हजेरीवर (रोजाच्या मजुरीवर) द्यायचं की उक्तं (सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून), हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. उक्त्यात काम लवकर होतं, पण आतल्या बाजू नीट होत नाहीत. हजेरीवर काम चांगलं होतं आणि लांबतं. मी मोठं फर्निचर उक्तं देते, पण एस्टिमेटमध्ये आतून कुठली सनमायका, बिजागरी कुठली, ड्रॉवरच्या रेल्स कुठल्या हे लिहून घेते. पैसे टप्प्यांनी: सांगाडा उभा राहिला की एवढे, सनमायका लागली की एवढे, हँडल लागून दारं सरळ बसली की बाकीचे. सुरुवातीला काही मिस्त्री माझ्याशी बोलायचेच नाहीत, घरातल्या पुरुषाकडे बघून उत्तर द्यायचे. मी वाद घातला नाही. शनिवारी संध्याकाळी हजेरी चोख, रोख आणि ठरलेल्या वेळी मिळेल एवढं बघितलं. काही आठवड्यांत त्यांनीच मला फोन करून पुढचं काम विचारायला सुरुवात केली.

कामाचं वर्षही आता हातात आलंय. दिवाळी झाली की लग्नघरांची कामं येतात ती मेपर्यंत. जून ते सप्टेंबर बाहेरचा रंग नाही, आतलाही जपून. गणपतीच्या आधी पंधरा दिवस सगळ्यांना सगळं हवं असतं, तेव्हा मी नवं काम घेत नाही. पितृपक्षात कोणी सुरुवात करत नाही. ते दिवस मी थकलेल्या फीचे फोन करण्यात आणि नमुन्यांची पेटी लावण्यात घालवते. वास्तुशास्त्राबद्दल विचारतात त्यांना मी सांगते की ते मला येत नाही, तुमच्या गुरुजींना विचारून देवघराची जागा ठरवा. त्या जागी उजेड, वारा आणि उदबत्तीच्या धुराला वाट मी करून देते.

गेल्या वर्षी पेढीची नोकरी सोडली. मालकांनी अडवलं नाही, उलट त्यांच्या मुलाच्या फ्लॅटचं काम दिलं, फी न मोडता. आता माझ्याबरोबर कुपवाडची एक मुलगी असते, बारावी झालेली. तिला पहिले दोन महिने मी फक्त मापं घ्यायला लावली, रंगाबद्दल एक अक्षर बोलू दिलं नाही. सध्या हरिपूर रस्त्यावर एका घराचं काम चालू आहे. घर नदीच्या बाजूला आहे, आणि मालकांना खालच्या मजल्यावर भिंतभर प्लायचं युनिट हवंय. मी त्यांना जिना मोजून दाखवलाय आणि कडप्प्याचे दर काढून दिलेत. ते मुलाशी बोलून सोमवारी सांगणार आहेत, त्यानंतरच मिस्त्रींना बोलवायचं आहे.